मुदस्सरला शिकवलंत तसंच

सोमवार, ४ ऑगस्ट

वाचनवर्गाचा पहिला दिवस. पाच जणी. वेळेवर आलेल्या दोन!

वाचनालयाच्या समितीने पत्रक काढले आहे — "महिलांना इंग्रजी वाचनाची गोडी लावण्याचा उपक्रम." गोडी! गोडी जिलेबीची लागते. वाचन अंगी बाणवावे लागते. पत्रकात ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका. समितीच्या अध्यक्षांना दाखवल्या, तर म्हणाले, "असू दे हो वझे सर, कोण बघतंय." मी बघतो.

दालनाच्या भिंतीवर महापुराच्या चिखलाची रेघ अजून तशीच आहे. इंग्रजीच्या जुन्या वाचनमालेच्या काही प्रती त्या चिखलातून काढून मीच उन्हात वाळवल्या होत्या. काही पाने एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. तरीही आजच्या रंगीत पाठ्यपुस्तकांपेक्षा बऱ्या.

कमरजहाँबाई स्वतः सुनेला घेऊन आल्या. सून अम्बरीन, वय तेवीस-चोवीस, उर्दू माध्यमातून दहावी. नवरा ब्रिटनमध्ये, कुठल्याशा गोदामात कामाला. त्याच्याकडे राहायला जायचे, तर तिकडचे सरकार आधी बायकोची इंग्रजी संभाषणाची परीक्षा घेते. मुंबईत, नोव्हेंबरात.

"बाजारपेठेत दोन क्लास हायत सर, एसीवाले. शेजारणी म्हणाल्या तिकडं घाला. मी म्हटलं नाय, वझे सरच पायजेत. माजा मुदस्सर तुमच्याच हातचा."

मुदस्सर! न आठवायला काय झाले? उभा राहिला की अख्खा धडा घडाघडा, विरामासकट. शालान्त परीक्षेत इंग्रजीत शाळेत पहिला.

"त्याला शिकवलंत तसंच हिला शिकवा. कायपण बदलू नका."

असे पालक आता उरले नाहीत. निवृत्तीला वीस वर्षे झाली, आणि आज कोणी माझ्या पद्धतीची मागणी केली!

बुधवार, ६ ऑगस्ट

पद्धत पहिल्याच आठवड्यात सांगितलेली बरी. मी एक वाक्य म्हणायचे, त्यांनी दोनदा. मग पुढचे. पान संपले की संपूर्ण पान. चुकले की पानाच्या आरंभापासून. भाषांतर नाही, गप्पा नाहीत, मध्ये प्रश्न नाहीत.

माझ्या वडिलांनी रुद्र असाच शिकवला. संथा. आठ वर्षांच्या मुलाला त्यातले काय कळणार? ते म्हणत, "आधी पाठ. अर्थ मागाहून येतो." आला. चाळिशीत आला, पण आला.

पोलादपूरकडची एक आहे — गौतमी. उमरठच्या पुढच्या वाडीवरची. परिचारिकेचा अभ्यासक्रम झाला आहे, मोठ्या रुग्णालयात मुलाखत द्यायची आहे. एसटीने येते आणि वर्गभर एकच टुमणे — "सर, म्हंजे काय?" प्रत्येक वाक्याला! म्हंजे काय, म्हंजे काय. खोडात कुऱ्हाड अडकावी तसे वाचन अडकते.

गुरुवार, ७ ऑगस्ट

स्वयंपाकाच्या मंजुळेने आमटीत मीठ घातले नाही. सांगितले, तर म्हणते, "डाक्तरनं कमी सांगितलंय ना?" कमी आणि शून्य यांतला फरक या तालुक्यात कोणालाही ठाऊक नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

आज अम्बरीन वाचायला उभी राहिली.

धडा तिसरा. मेंढपाळाची मुलगी बर्फ पडण्यापूर्वी कोकरे गोळा करते, तो. एकही स्वर घसरला नाही. ओठ मिटायचे तिथे मिटले, दात टेकायचे तिथे टेकले. स्वल्पविरामाला अर्धा श्वास, पूर्णविरामाला पूर्ण. वाचताना किंचित पुढेमागे डुलते. विचारले, तर लाजली.

"कुराणशरीफ असंच शिकले सर. आमच्या उस्ताद आपा म्हणायच्या, तर्तीब, म्हणजे क्रम, चुकली तर सवाब जातो, पुण्य मिळत नाय. डुललं की पुढची ओळ आपोआप येते."

"अरबी समजते?"

"नाय सर. वाचते फक्त."

संथा! सावित्री नदीच्या एकाच काठावर दोन घरांत एकच पद्धत शेकडो वर्षे चालत आली, आणि मला ती सत्त्याहत्तराव्या वर्षी कळली. मी तिला म्हणालो, तुझ्या उस्ताद आपांना माझा नमस्कार सांग. म्हणाली, "त्या वारल्या सर." बरोबरच आहे. चांगले शिक्षक वारतात.

जाताना म्हणाली, "पास झाले तर जानेवारीत जाते सर. नाय झाले तर इथंच." लग्नाला तीन वर्षे झाली, नवरा घरी राहिला तो एका रमजानपुरता. सासऱ्यांना लकवा मारला आहे. त्यांना कुशीवर वळवणे, न्हाऊ घालणे, भरवणे सगळे हीच करते. वर्गाला येते तेव्हा हाताला डेटॉलचा वास असतो.

पास होईल. माझी विद्यार्थिनी आहे.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

गौतमीला वर्गातून काढले.

मेंढपाळाचाच धडा. तिची पाळी. पहिल्या ओळीवर थांबली आणि चेहरा उजळून म्हणाली, "सर, म्हंजे धनगर व्हय? आमच्या वरच्या वाडीला हायत की! पाऊस लागायच्या आधी ते बी असंच करत्यात." आणि बाकीच्यांना सांगत सुटली — कोकरू पाटीत कसे घालतात, नाठाळ शेळी मागे कशी राहते, अमके नि तमके. सगळ्या हसायला लागल्या. अम्बरीनसुद्धा! पुस्तक मिटून हसत होती.

मी म्हणालो, "'हाय' नव्हे, 'आहे'. दाराबाहेर उभी राहा. 'आहे' म्हणता आले की आत ये."

"मी इंग्रजी शिकाया आले सर. मराठी माज्या आयनं शिकवलीय."

मी म्हणालो, "दिसतेच आहे, कशी शिकवली ते."

तिने पिशवी उचलली. दारात वळून एवढेच म्हणाली, "आयवर जायाचं नव्हतं सर."

गेली. वर्गाला शिस्त आली. त्यानंतरचे वाचन उत्तम झाले.

सोमवार, २५ ऑगस्ट

गणपतीची सुट्टी आजपासून. कोणाला सांगावे लागले नाही; आपोआपच कोणी आले नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

पाचाच्या तीन झाल्या. अम्बरीन मात्र सुट्टीत सहावा, सातवा आणि आठवा धडा मुखोद्गत करून आली. पुस्तक नुसते मांडीवर.

वाचनालयाचा शिपाई सदू पाणी ठेवायला आला आणि दारात उभा राहून ऐकत होता. खाली उतरताना म्हणाला, "सर, आमच्या मामाकडं एक पोपट होता. तो कोण आलं तरी 'बसा' म्हणायचा. चोर आला तेवा बी म्हणाला."

मी म्हणालो, सदू, जिना झाडला का? नव्हता झाडला. लोकांना स्वतःच्या कामाखेरीज सगळे सुचते.

अम्बरीन थांबली होती. "सर, परीक्षेत बाई समोर बसून बोलते म्हणतात. जरा बोलायची सवय..."

सांगितले — मुळाला पाणी घातले की पानाला वेगळे घालावे लागत नाही. शंभर पाने तोंडात असतील, तर चार वाक्ये अडणार नाहीत. मान डोलावली. तिची मान चांगली डोलते.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

एसटी स्थानकावर रत्नागिरी गाडीची चौकशी करायला गेलो होतो. उपाहारगृहाच्या कोपऱ्यातल्या बाकावर कोण? गौतमी! आणि समोर अम्बरीन.

खांबाआड उभा राहून ऐकले. गौतमी चहाच्या कपाला बोट लावून विचारते, "व्हॉट धिस?" ही म्हणते, "टी." "हॉट ऑर कोल्ड?" "हॉट." "हू मेक?" ही अडखळते, कपाळाला आठ्या घालते, मग म्हणते, "दॅट मॅन मेक." आणि दोघी टाळी देऊन हसतात! क्रियापदाला शेपूट नाही, उपपदाचा पत्ता नाही. महिनाभर मी घडवलेला उच्चार ही बया तासाभरात नासवते आहे. घासून लख्ख केलेल्या पितळी तांब्यात तिने चिंचेचा कोळ साठवावा, तसे वाटले.

अम्बरीनच्या तोंडून तिच्या मनाने तयार केलेले वाक्य मी प्रथमच ऐकले, आणि ते अशुद्ध होते.

शनिवार, २० सप्टेंबर

कमरजहाँबाईंच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत सासरे पडलेले. तोंडाला आलेली लाळ अम्बरीन पुसत होती. मला पाहून उभी राहिली. मी तिच्यासमोरच सांगितले. लपवून सांगण्यासारखे त्यात काय?

"वर्गातून काढलेली मुलगी आहे. वर्गानंतर हिला स्थानकावर भेटते. चुकीचे बोलायला शिकवते."

कमरजहाँबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग, "बोलायला शिकवते?"

"चुकीचे."

"आणि ही बोलते?"

"चुकीचे बोलते."

त्यांनी सुनेकडे पाहिले. ती पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत होती. "काय गो? मला म्हणालीस, सरांचा क्लास सुटायला उशीर होतो." मग माझ्याकडे वळून, "बरं झालं सर बोललात. तुमच्यासारखा माणूस हाय म्हणून. सोमवारपासून मी सोबत येते. तुमच्या शिकवण्यात दुसऱ्या कोणाचा हात नको."

शिक्षकाचा असा आदर! पंचाहत्तरी उलटल्यावर तरी वाट्याला आला.

सोमवार, २२ सप्टेंबर

कमरजहाँबाई वर्गात मागच्या खुर्चीवर, हातात तस्बीह. अम्बरीनने नवव्या धड्यात दोन चुका केल्या. आरंभापासून म्हणायला लावला. पुन्हा एक. पुन्हा आरंभापासून. डोळ्यांत पाणी आले तरी आवाज घसरला नाही. याला म्हणतात तालीम. मागून मणी सरकत होते.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

गौतमी वाचनालयात येऊन सदूजवळ चिठ्ठी ठेवून गेली — "पनवेलला नोकरी लागली, अम्बरीनला हा माझा फोन नंबर द्या." सदूने चिठ्ठी विश्वासाने माझ्याकडे दिली. मी ती वाचून फाडली. "लागली" मधला "ली" ऱ्हस्व.

बुधवार, १५ ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन. समितीने खुर्च्या भाड्याने आणल्या. पाहुणे म्हणून शिक्षण खात्यातले कोणी साहेब. सव्वा तास भाषण, त्यात "वाचाल तर वाचाल" पाचदा.

शेवटी अम्बरीन. मी तिला वाचनमालेची प्रत दिली आणि शेजारी उभा राहिलो. अकरावा धडा, दोन पाने. बुरख्यातल्या बायका मागे दाटीवाटीने उभ्या. त्यांच्यातल्या एकीनेही असे काही ऐकले नसेल.

पहिले पान संपले, तिने उलटले. उलटली दोन — चिकटलेली! समोर आले ते भलतेच पान, बाराव्या धड्यातले, होडीच्या चित्राचे. मी हात पुढे केला. पण ती थांबलीच नाही. डोळे त्या होडीवर आणि तोंडातून अकराव्या धड्याची पुढची ओळ, तिच्या पुढची, तिच्याही पुढची. शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. कागदावर एक आणि कंठात एक!

टाळ्या थांबेनात. साहेब म्हणाले, "वझे सर, ह्याला म्हणतात वाचन." चिकटलेल्या पानाचे मी सांगितले नाही. सांगायचे काय? ज्याला पाठ येत नाही त्यालाच ग्रंथ लागतो.

कमरजहाँबाई सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवत होत्या.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

दिवाळी. मुलाचा पुण्याहून संदेश आला — "हॅपी दिवाळी बाबा", खाली हलणारी पणती. उत्तर पाठवले: शुभ दीपावली. पणती परत पाठवता आली नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

शेवटचा पाठ. परीक्षा बुधवारी.

कमरजहाँबाई फोन घ्यायला जिन्यात गेल्या, तेवढ्यात अम्बरीन माझ्या टेबलापाशी आली. घाईघाईने म्हणाली, "सर, एकदाच. काहीपण विचारा. धड्यातलं नाय, असंच."

तिच्या हट्टाखातर इंग्रजीत विचारले. साधे — तू कुठे राहतेस?

तिचे ओठ हलले. डोळे वर लावले, जणू छतावर ओळ लिहिलेली आहे. मग पहिल्या धड्याची पहिली ओळ सुरू केली. मी पुन्हा विचारले. ती पुन्हा पहिल्या ओळीवर. हे मला परके नाही. मलाही रुद्र मधूनच म्हणायला सांगितला, तर येत नाही. आरंभापासूनच निघावे लागते, मग ते स्थळ आपोआप येते.

"सर, कळलं की तुम्ही विचारताय. काय विचारताय ते कळलं नाय."

"घाबरलीस म्हणून. अर्थ मागाहून येतो."

"बुधवारच्या आत येईल?"

जिन्यात पावले वाजली. ती जागेवर जाऊन बसली. मी बारावा धडा म्हणवून घेतला. निर्दोष.

रविवार, ९ नोव्हेंबर

झोप नीट नाही. पित्त असावे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज तिची परीक्षा. पहाटेच्या गाडीने दोघी गेल्या.

सोमवार, १७ नोव्हेंबर

नापास.

स्वतः सांगायला आली. कमरजहाँबाई खाली सदूशी बोलत थांबल्या होत्या. त्यांचे हसणे वर ऐकू येत होते. सदू त्यांना पोपटाची गोष्ट सांगत असावा.

अम्बरीनने वाचनमालेची प्रत टेबलावर ठेवली. तिला कव्हर घातले होते, वर्तमानपत्राचे.

"बाई चांगली होती सर. गोरी नव्हती, आपल्यातलीच होती. हसली. काहीतरी विचारलं. मी तिसरा धडा सुरू केला. तिनं हात वर केला. मी थांबले नाय."

"का?"

"थांबले तर पुढचं येत नाय ना सर."

मी विचारले, "उच्चार?"

"नीट केले. शेवटपर्यंत म्हटला. बर्फाच्या ओळीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं पास केलं."

तिकडच्या परीक्षकांना वाचनाची कदर नाही, हे मी तिला सांगितले. तिने मान डोलावली नाही. म्हणाली, "मुदस्सर म्हणाले, राहू दे आता. अम्मी म्हणाल्या, सासऱ्यांना सोडून पुन्हा पुन्हा मुंबई होत नाय." मग, "सर, गौतमीताई कुठं असते हल्ली? तिचा फोन नंबर कोणाकडं असंल?"

मी म्हणालो, मला कल्पना नाही.

ती जिना उतरून गेली. जाताना पायरी पायरीवर काही पुटपुटत होती. ऐकले — तिसरा धडा. आरंभापासून.

गुरुवार, २० नोव्हेंबर

कमरजहाँबाई डबा घेऊन घरी आल्या. खीर, वर बदाम. मी म्हणालो, सून नापास झाली. त्या म्हणाल्या, "म्हणून तर आणली." आणि मंजुळा आत आहे का, ते पाहून आवाज खाली केला. "माजा मुदस्सर तुमच्याकडं पैला आला सर. तिकडं उतरला नि वरीसभर मुक्यासारखा भांडी घासत होता. फोनवर रडायचा — अम्मी, बोर्ड सगळे वाचता येतात, माणसं काय बोलतात ते कळत नाय. तवाच ध्यानात ठेवलं मी. एसीवाल्यांकडं घातली असती तर गेली असती. बायको गेली की पोरगा गेला. मग ह्यांचं कोण करणार?" डब्याचे झाकण लावून उठल्या. "माज्या बहिणीची सूनपण परीक्षेला बसायची म्हणते. वहूर गावची. सोमवारपासून धाडू?"

मी म्हणालो, "चार वाजता."

अर्थ मागाहून आला.